वाकळ सोडू नका, बैठक बदला

मागच्या वर्षावासात आमच्या वस्तीच्या विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचं वाचन चालू होतं. आषाढ पौर्णिमेला पहिल्या रांगेत बसलेल्या एक मावशी पुढे मागच्या भिंतीला टेकून बसायला लागल्या आणि भाद्रपदात यायच्याच थांबल्या. घरी गेले तर मावशी खाटेवर पाय सोडून बसलेल्या. खाली कोपऱ्यात अर्धी शिवलेली वाकळ गुंडाळून ठेवलेली, सुई तशीच टोचलेली. म्हणाल्या, "ताई, खाली बसले तर उठता येत नाही. दोघी जणी धरून उठवतात, लाज वाटते. विहारही सुटला आणि ही वाकळही सुटली."

गुडघा दुखतो ही तक्रार दवाखान्यात लिहून घेतात. वाकळ सुटली ही तक्रार कुठल्याच केसपेपरवर येत नाही. मी नर्सिंगचा डिप्लोमा करून बरीच वर्षं वॉर्डात काढली. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला घरी सोडताना "मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, खाली बसू नका" ही वाक्यं मी किती वेळा म्हटली त्याची गणती नाही. जिचं जेवण, निवडणं-टिपणं, वंदना आणि शिवण सगळं जमिनीवर आहे, तिने मग बसायचं कुठे, हे मात्र एकदाही सांगितलं नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं. माझ्या आईचा गुडघा बदलला आणि तिसऱ्या आठवड्यात ती "माझं चिंध्यांचं गाठोडं काढ" म्हणाली, तेव्हा मला उत्तर शोधावं लागलं. ते उत्तर आणि त्यामागचं आरोग्यशास्त्र या लेखात सांगते.

कुणी गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. आपल्या बायकांना "तुमची हौस काय?" विचारलं तर त्या हसतात. वाकळ ही हौस नाही, काम आहे म्हणतात. पण लाल ठिगळाशेजारी पिवळं लावू की हिरवं, सासूच्या लुगड्याचा काठ मध्यावर घेऊ की कडेला, यावर अख्खी दुपार घालवणारी बाई बघितली की ती हौसच आहे हे कळतं. पाय दुखून घरात अडकलेल्या बाईला तर या हौसेची औषधाइतकीच गरज असते. हात चालू राहतात, बोटं आखडत नाहीत, दुखण्यावरचं लक्ष उडतं आणि शेजारीण येऊन बसते. म्हणून "आता शिवण बंद करा" हा सल्ला मला पटत नाही.

पण शिवताना सांध्यांचं काय होतं तेही बघायला हवं. खाली लुगडं अंथरायचं, त्यावर जुन्या साड्यांचे, धोतरांचे थर घालायचे, वरून बरं लुगडं घ्यायचं, कडा दुमडून टाचायच्या आणि मग कडेकडून आत धावदोरा घालत जायचं. बाई त्याच वाकळीवर बसते. एक गुडघा मुडपलेला, दुसरा उभा, कंबर वाकलेली आणि टाके पुढे जातील तसं अंग सरकवत नेलेलं. अशा बैठकीत गुडघा पूर्ण मिटलेला राहतो आणि वाटीच्या मागे मोठा दाब येतो. सगळ्यात वाईट क्षण उठण्याचा. दोन तास अवघडलेल्या गुडघ्यावर एकदम सगळं वजन पडतं. हाताची गोष्ट वेगळी. पाच-सहा थरांतून सुई ओढताना अंगठा आणि बोटाची चिमूट घट्ट धरावी लागते. टोकाशी एक किलोची चिमूट धरली तर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर साधारण १२ किलोचा जोर पडतो. शिवणाऱ्या बायकांचा अंगठा मुळाशी का दुखतो, ते यावरून समजावं.

आणखी एक बोलून टाकते. गुडघे दुखायला लागले की डॉक्टर म्हणतात वय झालं, घरचे म्हणतात वजन वाढलं. दोन्ही खरं आहे, पण अर्धंच. सतत गुडघे मोडून बसण्याची आणि ओझं उचलण्याची कामं गुडघेदुखीचा धोका वाढवतात, हे वैद्यकशास्त्राला चांगलं माहीत आहे. विटा-माती कुणी वाहिली, खुरपणी-निंदणी उकिडवं बसून कुणी केली, दुसऱ्यांची धुणीभांडी आणि रस्त्यांची झाडलोट कुणी केली, हे आपल्या वस्तीत सांगायला नको. तेव्हा गुडघे दुखतात म्हणून खालमानेने बसायचं कारण नाही. वजनाचा मुद्दाही सोडू नका. एक किलो वजन कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो.

आधी दुखणं ओळखा

सगळी सांधेदुखी एक नाही. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. ती झिजली की चालताना, जिना उतरताना दुखतं, बसून उठताना पहिली काही पावलं आखडतात आणि थोडं चाललं की सुटतात. ही झीज. आमवात वेगळा. त्यात दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजतात, गरम लागतात आणि सकाळी उठल्यावर तासभर किंवा जास्त वेळ मूठ वळत नाही. असं दीड महिना चाललं तर तेल-मालिशीत वेळ घालवू नका, रक्ततपासणी करून घ्या. आमवाताचं औषध लवकर सुरू झालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचवता येतात. त्यातलं मिथोट्रेक्सेट हे औषध बहुतेकांना आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ते चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. ज्यांच्या घरी ते चालू आहे त्यांनी वार ठरवून कॅलेंडरवर खूण करावी. तिसरं दुखणं चिकुनगुनियानंतरचं. ताप जातो, पण सांधे महिनोन्महिने धरून राहतात. ते बहुतेकांचं हळूहळू कमी होतं, पण रेंगाळलं तर तेही दाखवावं.

झिजेच्या दुखण्यात रोज थोडं शिवणं चांगलं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल तेव्हा मात्र सुई बाजूला ठेवायची. आणि मेडिकलमधून स्वतःच्या मनाने रोज दुखण्याची गोळी घेणं बंद करा. महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्यांनी जठराला अल्सर होतो, किडनी खराब होते. बीपी-शुगर असलेल्यांना तर धोका जास्त. एका दिवसात दुखणं गायब करणाऱ्या पुड्यांपासूनही सावध राहा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.

चौकट आणि टोपी

आपण दरवर्षी कठिन चीवरदान करतो. कठिन म्हणजे मुळात काय? चीवर शिवताना कापड ताणून धरायची चौकट. भिक्खू चिंध्या जोडून चीवर शिवत. महावग्गात मगधातल्या शेतांच्या बांधांसारखी चीवराची जोडणी आनंदाने केल्याची कथा आहे, ती बऱ्याच जणींना माहीत असते. चुल्लवग्गातली गोष्ट कमी सांगितली जाते. शिवताना सुई बोटाने दाबून भिक्खूंची बोटं दुखू लागली, तेव्हा बोटात घालायच्या टोपीची परवानगी देण्यात आली. बोट दुखतं तर शिवण सोडा असं सांगितलं नाही, साधन दिलं. मला हा प्रसंग फार आवडतो.

आपणही तेच करायचं. पहिलं म्हणजे वाकळ जमिनीवरून वर आणायची. खाटेखाली चारही पायांना विटा देऊन खाट उंच करा, तिच्यावर वाकळ पसरा आणि बाजूला खुर्ची घेऊन बसा. जेवणाचं टेबल असेल तर उत्तम. खुर्ची एवढी उंच हवी की बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जाणार नाहीत आणि तळपाय जमिनीला टेकतील. हात असलेली खुर्ची घ्या, म्हणजे उठताना गुडघ्याऐवजी हातांवर जोर देता येतो. प्लास्टिकच्या खुर्चीवर एक घडी घातलेली चादर ठेवली तरी दोन इंच उंची वाढते.

दुसरं, सबंध वाकळ एकदम मांडीवर घेऊ नका. आईसाठी आम्ही हाच मार्ग काढला. हातभर लांब-रुंद चौकोन घ्यायचा, त्याचे थर लावून तेवढाच शिवायचा, असे वीस-पंचवीस चौकोन झाले की शेवटी एकमेकांना जोडायचे. चौकोन भरतकामाच्या मोठ्या लाकडी रिंगमध्ये बसवला तर कापड रिंग धरते, हाताला फक्त सुई धरावी लागते. थर कमी ठेवा. पाचाऐवजी तीन थर घेतले तर वाकळ हलकी होते, पण अंगठा वाचतो. कडक खळीचं नवं कापड टाळा. धुऊन मऊ झालेल्या सुती साडीतून सुई सहज जाते.

मधल्या बोटात शिंप्याची टोपी घाला, तिला अंगुस्तान म्हणतात, काही रुपयांत मिळते. सुई ओढायला जुन्या सायकलच्या ट्यूबचा किंवा फुग्याचा तुकडा बोटात धरा. रबराने सुई घसरत नाही, त्यामुळे चिमूट सैल धरली तरी चालते. दोऱ्यावर मेणबत्ती फिरवून घ्या. सकाळी बोटं आखडलेली असताना शिवायला बसू नका. कोमट पाण्यात दहा मिनिटं हात ठेवा, मुठी उघडा-मिटा, मग बसा. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल तर ती मनगटातली नस दबल्याची खूण असू शकते. तेव्हा शिवण थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आणि दोरा एका हाताइतकाच घ्या, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत. लांब दोरा ओढताना खांदा दुखतो, गाठी पडतात. माझं खरं कारण दुसरं आहे. दोन दोरे संपले की उठायचं, घरात एक फेरी मारायची आणि मग तिसरा ओवायचा, असा नियम केला की घड्याळ लागत नाही. आई हे पाळते. मोबाईलचा गजर लावून दिला होता, तो तिने दुसऱ्याच दिवशी बंद केला.

ऑपरेशनचं ठरवताना

झीज फार झाली, रात्री दुखण्याने झोप लागत नाही, घरातल्या घरात चालणं अवघड झालं आणि व्यायाम, वजन, औषध, काठी हे सगळं करून उपयोग झाला नाही, तर गुडघा बदलण्याचा विचार करावा. नुसता एक्स-रे वाईट आहे म्हणून ऑपरेशन करत नाहीत आणि एक्स-रे दाखवून घाबरवणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. उलट्या बाजूने, "लेकीचं लग्न होऊ दे, मग बघू" म्हणत दहा वर्षं काढणाऱ्या बायाही मी पाहिल्या. तोवर पाय वाकडा होतो, मांडीचे स्नायू वाळतात आणि बरं व्हायला जास्त वेळ लागतो. बदललेला सांधा किती टिकतो हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. परदेशांतल्या दीर्घ नोंदींवरून १० पैकी ८ सांधे २५ वर्षं टिकल्याचं दिसतं.

पैशाचं बोलू. केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतीवर कमाल मर्यादा घातली. त्याआधी एकाच सांध्यासाठी वाटेल ती रक्कम लावली जायची. म्हणून बिलात सांध्याची किंमत, कंपनीचं नाव आणि बॅच नंबर वेगळा लिहून मागा आणि ते कागद आयुष्यभर जपून ठेवा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आपलं ऑपरेशन योजनेत बसतं का, कुठल्या रुग्णालयात होईल, कोणती कागदपत्रं लागतील, हे दाखल होण्याआधी तिथे विचारा. आगाऊ पैसे भरून झाल्यावर विचारून उपयोग नसतो. मोठ्या ऑपरेशनचा सल्ला मिळाला की सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घ्यावं, त्यात कुणाचा अपमान नाही.

तारीख मिळाली की त्या दिवसापासून मांडीचे स्नायू बळकट करायला लागा. खुर्चीवर बसून पाय समोर सरळ करायचा, पाच आकडे मोजायचे, खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, दिवसातून तीनदा. शुगर आटोक्यात आणा. दाताला पू असेल, पायाला जखम असेल तर आधी बरी करा, कारण तिथले जंतू नव्या सांध्यापर्यंत जाऊ शकतात. आणि घर तयार करा. देशी संडास असेल तर कमोडची खुर्ची आणा, दारातलं पायपुसणं उचला, स्वयंपाकाचा ओटा नसेल तर टेबलावर गॅस घ्या. ही कामं घरातल्या पुरुषांची. ऑपरेशनवरून आल्यावर बाईला स्वतःच पायपुसणी उचलताना मी बघितलं आहे.

ऑपरेशननंतर

बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात. दुखतं, पण चालावं लागतं. नुसतं पडून राहिलं तर पोटरीतल्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पडल्या पडल्या तळपाय वर-खाली करत राहा.

आता आपल्या वाकळीची एक चूक सांगते. गुडघा दुखतो म्हणून घरचे मायेने गुडघ्याखाली वाकळीची गुंडाळी ठेवतात. रुग्णाला बरं वाटतं. पण गुडघा तसाच वाकलेला राहून आखडतो आणि पुढे सरळच होत नाही, मग लंगडत चालावं लागतं. गुंडाळी ठेवायचीच असेल तर टाचेखाली ठेवा, गुडघा अधांतरी राहू द्या, म्हणजे तो आपल्या वजनाने सरळ होईल. फिजिओथेरपिस्टने सांगितलेल्या वेळेपुरतं हे करावं. रडू येतं, तरी करावं.

पहिले दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, शिवण थोडंच. झोप आणणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या चालू असतात, त्या गुंगीत सुई हातात घेऊ नये. रक्त पातळ करणारं औषध असेल तर बोट टोचल्यावर रक्त जास्त वाहतं, तेव्हा टोपी घातल्याशिवाय शिवायचं नाही. सुया मोजून डबीत ठेवा. अंथरुणात हरवलेली सुई मधुमेह झालेल्या पायाला लागली तर तिला ती कळतही नाही. दोन आठवड्यांनंतर खुर्चीत बसून हातभर चौकोन शिवायला हरकत नाही, पण एका बैठकीला अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. जास्त वेळ पाय लोंबता राहिला की सूज चढते. मधल्या वेळात पाय स्टुलावर घेऊन सरळ करा. दीड महिन्यानंतर बैठक हळूहळू वाढवता येते. पायाने चालवायचं शिलाई मशीन डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. मोटर बसवून घेतली तर आणखी बरं.

जमिनीवर बसणं मात्र बहुतेक सर्जन कायमचं टाळायला सांगतात. काहींना थोडी मुभा मिळते, ती आपल्या सर्जनने दिली तरच. वाकळ धुणंही विसरा. कोरडी असताना खांद्यावर सहज टाकता येणारी वाकळ भिजली की दोन माणसांना उचलत नाही. ती पिळायचं, दोरीवर टाकायचं काम दुसऱ्यांना द्या.

पोटरी अचानक सुजून दुखली, धाप लागली, छातीत दुखलं, तर रात्र असली तरी निघा. जखमेतून पाणी किंवा पू आला, ताप आला, गुडघा लाल झाला, तर गल्लीतल्या डॉक्टरकडून अँटिबायोटिक घेऊन थांबू नका, जिथे ऑपरेशन झालं तिथे जा.

काठीबद्दल एकदाच सांगते. दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. निम्म्याहून जास्त बाया उलट धरतात. आणि काठीची लाज वाटते म्हणणाऱ्यांना मी बाबासाहेबांची आठवण देते. मधुमेह आणि पायांच्या वेदनांनी ते शेवटच्या वर्षांत फार त्रासले होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षा समारंभात ते हातात काठी आणि नानकचंद रत्तूंच्या खांद्याचा आधार घेऊन आले होते.

त्या मावशींचं ऑपरेशन माघात झालं. त्यांनी विहारात यावं म्हणून आम्ही मागच्या बाजूला तीन खुर्च्या ठेवायचं ठरवलं, तर कुणीतरी विचारलंच, की बुद्धरूपासमोर उंच आसनावर बसायचं कसं? तेव्हा पातिमोक्खातला सेखिय नियम काढून दाखवावा लागला. स्वतः खाली बसून उंच आसनावरच्या माणसाला भिक्खूने धम्म सांगू नये असा तो नियम आहे, पण आजारी माणसाला त्यातून वगळलेलं आहे. त्यानंतर कुणी काही बोललं नाही. आता खुर्च्या तीनच्या आठ झाल्या आहेत. मावशी कोपऱ्यातली धरतात, पिशवीत एक चौकोन असतोच, वाचन सुरू व्हायच्या आधी दोन दोरे शिवून होतात. तुमच्या विहारात खुर्च्या ठेवणार असाल तर हाताच्या घ्या आणि पायांना रबरी बूट लावा, कारण ओल्या फरशीवर प्लास्टिकची खुर्ची सरकते.